वरच्या जबड्याचे इम्प्लांट दात: स, च नीट येत नाही आणि ओठ आत गेलाय, मदत हवी आहे

वरचे सगळे दात काढून इम्प्लांट केलेत, सध्या त्यावर अ‍ॅक्रिलिकचा टेम्पररी फिक्स ब्रिज (स्वतःला काढता न येणारी, जोडलेल्या दातांची ओळ) आहे. चावायला काहीच त्रास नाही, पण स आणि च म्हणताना शिट्टी वाजते, ब्रिज आणि हिरडीच्या मधल्या फटीतून हवा जाते आणि कधीकधी थुंकीपण उडते. फ, व मात्र स्वच्छ येतात. दुसरं म्हणजे वरचा ओठ आत बसल्यासारखा दिसतो, बाजूने फोटो काढला की फारच जाणवतं, आणि मोकळं हसलं की ब्रिजचा हिरडीसारखा गुलाबी भाग जिथे संपतो ती रेघ दिसते, त्यामुळे हसणंच कमी झालंय.

रोज मोठ्याने वाचते, रेकॉर्ड करून ऐकते, सुरुवातीला फरक पडला, आता अडकलंय. डॉक्टरांनी फटीत तात्पुरतं मेण लावलं तेव्हा स लगेच सुधारला! पण ते म्हणतात फट कायमची बंद केली तर खालून सफाई होणार नाही, हिरडी सुजेल. हाड झिजलंय म्हणून ओठाला आधार हवा असेल तर काढता येणारी, पुढे गुलाबी फ्लँज (ओठाला आतून आधार देणारी हिरडीसारखी कड) असलेली ओव्हरडेंचर, म्हणजे इम्प्लांटवर बसणारी कवळी, सुचवतायत. मला शक्यतो फिक्सच हवंय. पुन्हा हाड वाढवायचं ऑपरेशन नको.

फायनल झिर्कोनियाचा (कडक सिरॅमिकचा) ब्रिज अजून बनलेला नाही, म्हणून आत्ताच विचारते: फिक्स ठेवून, सफाईला जागा ठेवून, कुणाचा उच्चार आणि ओठ दोन्ही सुधारलेत का, आणि टेम्पररीत नेमका काय बदल करून घेतलात?