अनुभव धागा: दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही काय केलंत?

नमस्कार मंडळी. भाजणं, कापणं, साप-विंचू, फिट येणं, उन्हात कोसळणं, असं काहीही तुमच्यासमोर घडलं असेल तर दवाखाना गाठेपर्यंत प्रत्यक्ष काय केलंत ते इथे लिहा. नुसती यादी नकोय. त्या वेळी घरात कोण काय म्हणत होतं, हाताशी काय होतं, कुणाला थांबवावं लागलं आणि शेवटी कशाचा उपयोग झाला ते हवंय. आपल्याकडे मदतीला माणसं कमी पडत नाहीत हो, आरडाओरडा झाला की अख्खी आळी जमते, पण जमलेल्या हातांना पहिली आठवते ती हळद, कांदा नाहीतर सुतळी. ते बदलायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

सुरुवात मी करते. भाच्याच्या हातावर उकळता चहा सांडला. आई हळदीचा डबा घेऊन आली, शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन. मी त्याला उचलून सरळ मोरीत नेलं आणि हात नळाखाली धरला, चांगली वीस मिनिटं, तो रडत होता तरी. मनगटातला काळा दोरा लगेच कापून टाकला कारण सूज आली की तोच रुततो. बाकी अंगाला कोरडा टॉवेल गुंडाळला, लहान मूल इतका वेळ पाण्यात गारठतं. बर्फ नाही, मलम नाही, फोड फोडला नाही, वर फक्त धुतलेला सुती पंचा सैल टाकून रिक्षा पकडली. डॉक्टर म्हणाले की काही फासलेलं नाही म्हणून किती खोल भाजलंय ते एका नजरेत कळलं.

---

आमचं गाव महाडच्या बाजूला, त्यामुळे विंचवाबद्दल लिहितो. आमच्याकडचा लाल विंचू आकाराने छोटा पण भयंकर. चुलत बहिणीच्या मुलीला लाकडं काढताना चावला. म्हातारी माणसं म्हणाली उतरवणाऱ्याला बोलवा, रात्री बघू. पण पोरगी घामाने निथळत होती, हातपाय गार आणि उलटी झाली, म्हणून माझ्या काकाने कुणाचं न ऐकता तिला गाडीवर मधे बसवून नेलं. नुसतं दुखत असेल तर एक वेळ ठीक, पण घाम, उलटी, गार हातपाय दिसले तर विष हृदयावर चाललंय असं समजायचं आणि निघायचं. दुखणं कमी आहे म्हणून निवांत बसू नका.

यावर आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सगळं आयुष्य घातलं. ब्लडप्रेशरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी या विंचवाच्या विषावर चालते हे त्यांनी दाखवलं, 1986 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आधी या दंशाने पोरं डोळ्यादेखत जायची. गोळी मात्र डॉक्टरनेच द्यायची, बीपी एकदम खाली येतं, घरच्या घरी कुणी देऊ नका.

---

सापाचं मी सांगतो, जरा मोठं होईल. मामा शेतातल्या खोलीत जमिनीवर झोपलेले. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठले, मग घसा दुखतोय म्हणाले. मामीला वाटलं पित्त झालं, तिने सोडा दिला. थोड्या वेळाने त्यांच्या पापण्या उघडेनात आणि बोलणं जड झालं. चाव्याची खूण कुठेच दिसत नव्हती, सूज नाही, रक्त नाही. मी तेव्हा तिथे होतो आणि सर्पमित्रांच्या एका कार्यक्रमात ऐकलेलं आठवलं की मण्यार रात्री अंथरुणात येते, तिचा चावा कळतही नाही आणि पहाटे पोटदुखी आणि पडलेल्या पापण्या हीच तिची ओळख. म्हटलं वेळ घालवायचा नाही.

गावातले एकजण सुतळी घेऊन आले, पाय आवळूया म्हणाले. मी हात जोडले, म्हटलं काका, बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. त्यांना राग आला पण मामी माझ्या बाजूने उभी राहिली. मामांना चालू दिलं नाही, बाजेवर घालूनच गाडीपर्यंत आणलं. गाडीत कुशीवर निजवलं कारण लाळ गिळता येत नव्हती. पाणीसुद्धा दिलं नाही. आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते हे की वाटेतूनच फोन करून विचारलं, सापाचं इंजेक्शन आहे का आणि व्हेंटिलेटर आहे का. जवळच्या ठिकाणी इंजेक्शन होतं, श्वासाचं मशीन नव्हतं. तिथे इंजेक्शन सुरू करून तिथल्याच डॉक्टरांनी हाताने श्वासाचा फुगा दाबत जिल्ह्याच्या गावी नेलं. मामा काही दिवस मशीनवर होते, आज शेतात जातात.

साप पकडून न्यायची, मारायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच इंजेक्शन चालतं. सरकारी दवाखान्यात आधी चौकशी करा. आणि खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात, यासारखा सोपा उपाय नाही.

---

घोळणा फुटला की आमच्याकडे सगळे मान मागे करायला सांगायचे. त्याने रक्त घशात जातं आणि पोरं ओकतात. पुढे वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटं मधे न सोडता दाबा, श्वास तोंडाने. माझ्या मुलाचं दर उन्हाळ्यात होतं, याने थांबतं.

---

आम्ही यवतमाळकडचे. 2017 साली आमच्याकडं कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किती जण गेले ते सगळ्यांनी पेपरात वाचलं असेल, आम्ही घराघरात पाहिलं. आमच्या सालदाराला धुऱ्यावरच चक्कर आली, तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, बाहुली टाचणीएवढी बारीक. लोक म्हणत होते मिठाचं पाणी पाजा, ओकू द्या. नाही पाजलं, शुद्ध जात असलेल्या माणसाला ओकवलं तर ते फुप्फुसात जातं. आम्ही त्याला वाऱ्याच्या बाजूला आणला, अंगावरचे सगळे कपडे काढले, ते औषधानं भिजलेलेच होते, आणि विहिरीवर साबण लावून केसांपासून नखांपर्यंत धुतलं. धुणाऱ्यानं हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, नाहीतर त्यालाही लागतं. आणि औषधाचा डबा सोबत नेला. डॉक्टरनं लेबल वाचलं आणि इंजेक्शन सुरू केलं. डबा नसता तर अंदाज करत बसावं लागलं असतं.

---

लोकलमध्ये फिट आली की कुणीतरी चप्पल हुंगवतंच आणि कुणीतरी दातात चमचा घालायला बघतं. काहीही घालू नका, दात तुटतात, श्वास अडकतो. मी डोक्याखाली ओढणी ठेवली, आजूबाजूच्या बायकांना मागे केलं, झटके थांबल्यावर तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत राहिले. पाच मिनिटांच्या वर गेलं तर हॉस्पिटल, त्याआधी थांबलं तर बहुतेक वेळा माणूस हळूहळू भानावर येतं. तिला जाग आली तेव्हा ती खूप ओशाळली होती, म्हणून स्टेशनवर तिचा भाऊ येईपर्यंत बसले. हा भाग पण मदतच आहे.

---

मी जर्मनीत आहे. इथे गाडीचं लायसन्स काढायचं तर प्रथमोपचाराचा कोर्स सक्तीचा. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची ते बाहुलीवर करून हात दुखायला लागले तेव्हा कळलं की हे किती जोरात करायचं असतं. मिनिटाला 100 ते 120 वेळा आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल. आपल्या आरटीओत हे यायलाच पाहिजे.

---

वरच्या दादांना दुजोरा. आमच्या बॅडमिंटन कोर्टवर एक काका कोसळले, हाक मारून हलवलं तर प्रतिसाद नाही, श्वास मधूनच घरघर असा. तो खरा श्वास समजायचा नाही. एकाने रुग्णवाहिकेसाठी 108 लावला, मी छाती दाबायला लागलो, दोन मिनिटांनी दुसऱ्याने घेतलं, आळीपाळीने. बरगडी कटकन वाजली आणि मागून कुणी ओरडलं थांबा, लागतंय. थांबलो नाही. बरगडी जुळून येते, बंद हृदय आपोआप चालू होत नाही. काका वाचले.

---

108 वर काम केलंय म्हणून दोन गोष्टी सांगते. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे, फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोन केल्यावर घाबरून ठेवून देऊ नका, गाव, फाटा, जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा आणि एका माणसाला मोबाईलची बॅटरी पेटवून रस्त्यावर उभं करा. रात्री वस्ती शोधण्यात फार वेळ जातो. आणि अपघातात पोलिसांची भीती बाळगू नका. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीतही ते आलं. नाव सांगायची सक्ती नाही.

---

एक विचारायचं होतं. बाबांना डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतात, कधी कधी एकदम घाम येऊन बरळतात. तेव्हा साखर भरवायची का?

---

ताई, शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, कमीच असेल तर परत तेवढीच, आणि बरं वाटलं की पोळी-भाजी खायला घाला. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नको, कुशीवर वळवून 108. मशीन घरात नसेल तरी साखर द्यायला थांबू नका. शुगर जास्त असली तरी त्या तीन चमच्यांनी काही बिघडत नाही, पण कमी असताना वेळ गेला तर मेंदूवर जातं. त्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी आणि नाव-नंबर-इन्सुलिन लिहिलेली चिठ्ठी ठेवाच.