आईने वीजबिलाच्या नावाने आलेली फाईल उघडली, पैसे गेले, आता काय करू? मदत हवी आहे

नमस्कार. घाईत लिहितेय, समजून घ्या. आई गोव्यात डिचोलीला एकटी असते, वय ६८, मी वास्कोला नोकरीला. गुरुवारी संध्याकाळी तिला व्हॉट्सॲपवर मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, खाली अधिकाऱ्याचा म्हणून नंबर, डीपीला वीज खात्याचा लोगो. आता बिल तर तिने स्वतः जाऊन भरलेलं, पावती टाचणी लावून डायरीत ठेवलेली, तीच पावती हातात धरून तिने त्या नंबरवर फोन केला. तो हिंदीत माताजी माताजी करत म्हणाला पैसे आलेत पण सिस्टीममध्ये दिसत नाहीत, एक फाईल पाठवतो ती इन्स्टॉल करा आणि फक्त १२ रुपये भरा. तिने कार्ड नंबर टाकला. दहा मिनिटांत २४,००० आणि मग १४,५०० गेले. ओटीपी तिने कुणालाच सांगितला नव्हता, हे ती अजून परत परत सांगतेय.

मला आठ वाजता कळलं, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला, तक्रार नंबर मिळाला, कार्डही ब्लॉक केलं. फाईल मी डिलीट करायला लावली, तेवढं पुरे का? आणि दुसरं, मला जास्त काळजी याची आहे, ती आता कुणाचाच फोन उचलत नाही. काल गॅसवाला दारात उभा राहून फोन करत होता, ही मागच्या खोलीत बसून राहिली, सिलिंडर परत गेला. तिला कसं समजावू?

प्रतिसाद १
१९३० ला लगेच केलात ते फार बरं झालं, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतो. पण नुसत्या फोनवर थांबू नका, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर जाऊन तक्रार पूर्ण भरा, स्क्रीनशॉट जोडा. रायबंदरला सायबर पोलीस स्टेशन आहे, तिथेही जाऊन या.

फाईल डिलीट करून भागत नाही. ती एपीके असणार, एपीके म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून घातलेलं ॲप, एकदा एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी आपोआप त्यांच्याकडे जातो, म्हणून आईने न सांगताही गेला. फोनमधले फोटो दुसरीकडे काढून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे त्यातलं सगळं पुसून टाका. तोवर नेट बंद. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. ##००२# डायल करा, कुठे कॉल फॉरवर्ड लावला असेल तर निघतो. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस पण बघा, तिचं व्हॉट्सॲप आणखी कुठे उघडलंय का ते कळतं.

बँकेत लेखी अर्ज द्या, आपल्या कॉपीवर शिक्का घ्या, फोनवर सांगितलंय म्हणून राहू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घातला, की आपल्या चुकीमुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ फार महत्त्वाची. आणि ओटीपी दिला नाही, ॲपने चोरला हे अर्जात स्पष्ट लिहा.

प्रतिसाद २
मी बँकेत काउंटरवर होतो, आता रिटायर आहे. आईंना आधी हे सांगा की त्यांनी पावती काढून फोन केला म्हणजे खात्री करायलाच गेल्या होत्या, फक्त नंबर त्या लोकांनी दिलेला होता. एवढीच चूक. नंबर बिलावरचा, पासबुकावरचा, कार्डाच्या मागचा, मेसेजमधला कधीच नाही.

साडेनऊची वेळ पण बघा. ऑफिसं बंद झालेली असतात, विचारायला कुणी नसतं, म्हणूनच ती वेळ. घाई लावली की फोन ठेवायचा आणि आपण उलटा लावायचा. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच. पोलिसाच्या वेषात व्हिडिओ कॉल करून डिजिटल अरेस्ट म्हणाले तर तशी अटक कायद्यातच नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे फोन येतील, तो दाखला असा फोनवर माहिती देऊन होत नाही. ईमेल आला तर नावाकडे बघू नका, ॲटच्या (@) पुढे काय लिहिलंय ते वाचा.

गॅसवाला, पोदेर (पाववाला), डॉक्टर, शेजारी, सगळे नंबर नावानिशी सेव्ह करून द्या. नाव दिसलं की उचलायचा. एकदम सगळं शिकवायला जाऊ नका.

धागा काढणारी
दोघांचेही खूप आभार. रविवारी डिचोलीला गेले, फोन रीसेट केला, शेजारच्या काकूंना धरून २३ नंबर सेव्ह केले, आईने प्रत्येक नाव स्वतः डायरीतही उतरवून घेतलं. बिलावरचा नंबर तिने लाल पेनने मोठा लिहून फ्रिजवर चिकटवलाय. सोमवारी गॅसवाल्याचा फोन तिने उचलला.

१४,५०० पुढच्या खात्यात होल्ड झालेत असं कळलं. ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर लागेल म्हणतात. गोव्यात कुणी हे केलंय का? वकील लागतो की आपणच अर्ज करता येतो, आणि आईला स्वतः कोर्टात यावं लागेल का? तिचे गुडघे दुखतात, म्हणून विचारतेय.