दुर्मीळ वर्ग आला की फोकल लॉस हवाच का?

प्रमेयप्रिय :
क्वचितच आढळणारा, दुर्मीळ वर्ग मॉडेलला ओळखायला शिकवायचा म्हटले की मॉडेलची चूक मोजणारे नेहमीचे सूत्र (लॉस), म्हणजे क्रॉस-एन्ट्रॉपी, सोडून तिचेच बदललेले रूप असलेला फोकल लॉस घ्यायचा, असा हल्ली पायंडाच पडला आहे आणि तो मला मान्य नाही. क्रॉस-एन्ट्रॉपीची सरासरी किमान होते ती मॉडेलने खरी संभाव्यता सांगितली तरच. फोकल लॉसला हा गुण नाही. समजा, बँक-व्यवहारांतील फसवणूक शोधायची आहे आणि एक फसवणूक निसटण्याचे नुकसान एका खोट्या इशाऱ्याच्या 49 पट आहे. मग संभाव्यता 0.02च्या वर गेली की इशारा द्यावा, हे साध्या गणिताने, 1/(1+49), ठरते. उद्या ते गुणोत्तर 19 झाले, तर ही सीमा, म्हणजे थ्रेशोल्ड, 0.05 करायचा, मॉडेलला हात लावावा लागत नाही. हेच नुकसान लॉसमध्ये कोंबले, तर धोरण बदलले की प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून.

उतारावरचा :
फसवणुकीपुरते तुमचे म्हणणे रास्त आहे, पण फोकल लॉस त्यासाठी निघालाच नव्हता. 2017 साली फेसबुकच्या संशोधकांनी रेटिनानेट हे चित्रांतील वस्तू शोधणारे मॉडेल मांडले, तेव्हा एकेका चित्रात सुमारे 1 लाख चौकटी तपासायच्या होत्या आणि त्यांतील बहुतेक निव्वळ पार्श्वभूमीच्या होत्या. प्रत्येकीचा लॉस क्षुल्लक, पण बेरीज इतकी मोठी की मोजक्या अवघड चौकटींचा ग्रेडियंट (मॉडेल कोणत्या दिशेने सुधारायचे, हा संकेत) तीत बुडून जातो. खऱ्या वर्गाला दिलेली संभाव्यता 1 मधून वजा करायची, उरलेल्याचा गॅमा (आपण निवडायचा आकडा) इतका घात घ्यायचा आणि त्याने क्रॉस-एन्ट्रॉपीला गुणायचे, एवढाच हा फोकल लॉस. गॅमा 2 असताना 0.9 संभाव्यतेच्या चौकटीचा लॉस शंभरांश उरतो, 0.5च्या चौकटीचा चतुर्थांश. मॉडेल जे शिकलेच नाही, ते थ्रेशोल्ड सरकवून कसे मिळणार?

प्रमेयप्रिय :
त्याच शोधनिबंधातील एक गोष्ट मात्र तुम्ही गाळलीत. शेवटच्या थराचा बायस (बेरजेत मिळवला जाणारा आकडा) सुरुवातीलाच असा ठेवला होता की प्रत्येक चौकटीत वस्तू असण्याची संभाव्यता 0.01 निघावी. ही तजवीज नसताना क्रॉस-एन्ट्रॉपीचे प्रशिक्षण कोलमडले. ती केल्यावर त्याच लॉसने कोको या चाचणीच्या चित्रसंचावर सरासरी अचूकतेचे 30.2 गुण मिळवले. सगळे श्रेय लॉसच्या पदरात टाकणे म्हणजे अतिशयोक्ती आहे.

उतारावरचा :
मिळवले खरे, पण वर्गांना वजने देऊनही गाडी 31.1च्या पुढे गेली नाही, आणि फोकल लॉसने 34.0 गाठले. वजन वर्गावर्गांत भेद करते. एकाच वर्गातील सोपे आणि अवघड त्याला कळत नाही. आणखी एक : मोठी न्यूरल नेटवर्क क्रॉस-एन्ट्रॉपीवर शिकूनही अनेकदा फाजील आत्मविश्वासाने उत्तरे देतात, मग तुमचा 0.02 कोणत्या भरवशावर?

प्रमेयप्रिय :
त्यासाठी प्रशिक्षणानंतर वेगळ्या राखीव संचावर संभाव्यता जुळवून घेण्याचा मार्ग आहेच, आणि तो लॉसला धक्का लावत नाही. लाखभर चौकटींच्या बाबतीत मी माघार घेतो. पण फसवणुकीच्या तक्त्यांवर, बूस्टिंगच्या झाडांवरही (आधीच्यांच्या चुका सुधारत एकामागून एक रचलेल्या निर्णयवृक्षांवरही) गॅमा लादणाऱ्यांनी आधी साधी क्रॉस-एन्ट्रॉपी चालवून दोन्हींचे आकडे शेजारी ठेवावेत, हा आग्रह सोडत नाही.