गणपतराव देशमुख अकरा वेळा आले ते पाठ आहे, दोनदा पडले ते कसे?

अक्षय_वर्धा
नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. 'सांगोल्याचे गणपतराव देशमुख, एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार' ही एक ओळ सगळ्या नोट्समध्ये आहे, पुढे काहीच नाही. १९६२ ला सुरुवात आणि २०१९ ला थांबले, म्हणजे मधे दोन ठिकाणी खंड पडलेला दिसतो. ते कधी पडले, कुणाकडून पडले? आणि कुठे 'विश्वविक्रम' लिहिलंय, कुठे 'देशात पहिले'. खरं काय? तिकडच्या कुणी सांगितलं तर बरं होईल. एका शब्दाची उत्तरं नकोत.

खवचट_पेठकर
एका शब्दात नको तर दोन शब्दांत घ्या: धनगर मतं. संपला विषय.

यष्टीवाला_माणदेशी
दोन शब्दांत संपवलात साहेब. मग १९७२ ला आणि १९९५ ला ती मतं काय वारीला गेली होती?

मी सांगोला तालुक्यातला. एसटीत ड्रायव्हर होतो, २०१६ ला रिटायर झालो. मोबाईलवर टायपिंग नातवानं शिकवलंय, चुकलंमाकलं पदरात घ्या.

अक्षय, आधी तुझ्या परीक्षेपुरतं सांगतो. १९६२, ६७, मग ७४ ची पोटनिवडणूक, ७८, ८०, ८५, ९०, ९९, २००४, २००९, २०१४. बोटावर मोज, अकरा भरतात. सगळ्या शेकापकडून, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडून, आणि सगळ्या सांगोल्यातूनच. माणूस मूळचा मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. वकिलीला सांगोल्यात आला आणि आमचाच होऊन गेला. आम्ही सगळे आबा म्हणायचो.

७२ चं पडणं समजायला सोपं आहे. बांगलादेशचं युद्ध नुकतंच झालेलं, इंदिराबाईंची लाट. राज्यात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला गेल्या, तिथं लाल बावट्याचं काय चालणार? सांगोल्यातून काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्याच वर्षी पाऊस गेला. मी चौदा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, येताना पदरात सुकडी बांधून आणायची. तिच्या हाताला खडीची भुकटी आणि सुकडीचा गोडूस वास, दोन्ही एकदम यायचं. आबा तेव्हा आमदार नव्हते, पण आई त्यांना आमदारच म्हणायची. माझे वडील तिला सांगायचे, अगं पडलाय तो. ती म्हणायची, पडला तर पडला, गावाला गेला का? पुढं काकासाहेब वारले, ७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आबा परत आले.

आता ९५. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

मतदान फेब्रुवारीत होतं. माझी गाडी निवडणुकीला लागलेली. आदल्या दिवशी मतदान पथकं आणि मोकळ्या पेट्या घेऊन कोळा, हातीद, जुजारपूर असं एकेका गावाला माणसं उतरवत गेलो. तेव्हा यंत्रं नव्हती, लोखंडी पेट्या. मतदानादिवशी रात्री त्याच रस्त्यानं परत गोळा करत आलो. केंद्राध्यक्ष मंडळी पेट्या मांडीशी धरून बसलेली, सुतळीवर लाखेचं सील. खड्डा आला की मागून सगळ्या पेट्या एकदम वाजायच्या आणि एक मास्तर ओरडायचे, "ड्रायव्हर, हळू! लोकशाही आहे मागं!" आम्ही हसलो होतो.

इलेक्शन ड्युटीवाल्याला टपालानं मत देता येतं, त्याचा अर्ज मला मिळाला होता. तो खाकी शर्टाच्या खिशात ठेवला आणि शर्ट धुवायला टाकला. दुसरा मागून घेता आला असता. म्हटलं जाऊ दे, आबा काय पडतात होय!

मोजणी मार्चमध्ये झाली. आबा १९२ मतांनी पडले. एक हजार नाही, पाचशे नाही, एकशे ब्याण्णव. आले ते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. हो, तेच, २०२२ ला 'काय झाडी, काय डोंगार' वाले. माझ्या गाडीत त्या रात्री किती मतं होती देव जाणे, माझं त्यात नव्हतं. एका मतानं काही झालं नसतं हे मलाही कळतं. पण आगारात माझ्यासारखे अजून किती होते, आणि गावात 'आबा काय पडतात होय' म्हणत घरी बसलेले किती, हा हिशेब मी आजवर करतोय. तुला कारण पाहिजे असेल तर माझ्या मते हेच. बापू तरणे होते, बोलायला फर्डे होते, ते खरंच. पण आम्ही गाफील होतो.

मग एवढ्या वेळा आले कशानं? लोक साधेपणा सांगतील. आबा एसटीनं फिरायचे. आमच्या गाडीत एक सीट आमदारासाठी राखीव असते, पाठीवर तसं लिहिलेलं असतं. माझ्या नोकरीत त्या सीटवर कोंबड्यांची पाटी बसली, नवरी बसली, पोत्यात डाळिंबं बसली. आमदार बसायचा तो फक्त आमच्या तालुक्याचा, असं दुसऱ्या आगाराचे ड्रायव्हर चेष्टेनं म्हणायचे. पण नुसत्या साधेपणावर कोण मत देतं? आमच्याकडं कापूस पिकत नाही, तरी तिथं शेतकऱ्यांची सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली. राज्यात कापसाच्या गावच्या गिरण्या बसल्या, आमची चालू राहिली. हे माणसं विसरत नाहीत. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींबरोबर हा माणूस वर्षानुवर्षं उभा राहिला.

आणि खोटं कशाला बोलू, पाणी फार उशिरा आलं. टेंभू, म्हैसाळ या पाणी योजनांची नावं ऐकत आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. विरोधक म्हणायचे, पन्नास वर्षं निवडून देऊन काय मिळालं? तो प्रश्न चुकीचा नव्हता. पण आबा सत्तेत होते किती? ७८ ला पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री, ९९ ला विलासरावांच्या सरकारात मंत्री, बाकी सगळी हयात विरोधी बाकावर.

गलाईवाला_कोट्टायम
यष्टीवाले काका, रामराम! मी आटपाडीचा. सोनं गाळायच्या धंद्यात वीस वर्षं केरळात आहे. विक्रमाचं मी सांगतो, कारण तो मोडणारे दोघं माझ्या दुकानापासून तासाभराच्या आत होते.

पाला मतदारसंघातून के. एम. माणी १३ वेळा निवडून आले. १९६५ ला मतदारसंघ झाला तेव्हापासून २०१९ ला वारले तोपर्यंत पालाला दुसरा आमदारच माहीत नव्हता. यातली पहिली निवडणूक म्हणजे गंमत आहे. ६५ ला कुणालाच बहुमत नव्हतं, ती विधानसभा भरलीच नाही. म्हणजे निवडून आले आणि बसले नाहीत. दुसरे पुदुपल्लीचे उम्मन चंडी, १९७० पासून सलग १२ वेळा, एकदाही न पडता. करुणानिधीही १३ वेळा आले, पण मतदारसंघ बदलत. तेव्हा अक्षय, 'विश्वविक्रम' लिहू नकोस, मार्क जातील. महाराष्ट्रात मात्र आबांच्या जवळपास कुणी नाही.

फरक एकच सांगतो. माणींचा पक्ष किती वेळा फुटला आणि जुळला हे इथल्या लोकांनाही कागदावर मांडल्याशिवाय सांगता येत नाही. आबांनी सुरुवात केली तो पक्ष आणि संपवली तो पक्ष एकच.

अक्षय_वर्धा
सगळ्यांचे मनापासून आभार. ६५ ची विधानसभा भरलीच नाही हे माहीतच नव्हतं! काका, एक विचारू का? २०१९ ला आबा उभे नव्हते. तेव्हा मत दिलंत?

यष्टीवाला_माणदेशी
दिलं की. आबांचे नातू डॉ. अनिकेत उभे होते, समोर परत शहाजीबापूच, या वेळी शिवसेनेकडून. सकाळी सातला रांगेत पहिला मीच. या वेळी ७६८ नी गेलं. थोरला पोरगा पिंपरीत कंपनीत होता, म्हणाला रजा मिळत नाही. त्याला मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आबा ३० जुलै २०२१ ला गेले. त्यांच्या माघारी २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब, उभे राहिले आणि बापूंना पंचवीस हजारांच्या वर मतांनी पाडून आले. एवढ्या मतांत माझं एक असलं काय, नसलं काय. पण त्या वेळी मतदानाच्या आदल्या रात्री मी स्वारगेटला उभा होतो, पोराला आणि सुनेला सांगोला गाडीत बसवून आणायला. गाडी खचाखच होती. आमदाराच्या सीटवर सून बसली, मी बोनेटजवळ उभा राहिलो.

खवचट_पेठकर
काका, माझे दोन शब्द मागे घेतो. कोंबड्यांचं तिकीट फाडत होतात का?

यष्टीवाला_माणदेशी
ते कंडक्टरला विचारा. मी ड्रायव्हर.