शब्दचर्चा : जिओस्पॅशिअल मेटाडेटा = ?

अश्मक : उपग्रहचित्रांवर एआय मॉडेल शिकवण्याविषयीच्या मराठी लेखनात, चित्र कुठलं, कधीचं, कसं मोजलं हे सांगणाऱ्या सोबतच्या नोंदींसाठी 'भूस्थानिक अधिविदा' आणि 'पूरक माहिती' हे दोन्ही शब्द दिसतात. कोणता वापरावा?

रेखांश७८ : 'पूरक' नको. पूरक म्हणजे नसलं तरी निभावेल असं. इथे ते नसेल तर मूळ आकडाच चुकीचा वाचला जातो.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं घ्या. २५ जानेवारी २०२२ला प्रक्रिया-आवृत्ती ०४.०० आली आणि पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले, म्हणजे फार गडद पृष्ठभागांचे ऋण आकडे कापले जाऊ नयेत. परावर्तन काढताना आधी ते १००० वजा करायचे, मग १०,०००ने भागायचं. वजा करायचं राहिलं तर काय होतं ते पाहा : वजाबाकीनंतर लाल प्रकाशाचा पट्टा ५००, निकट-अवरक्त ३०००, तर एनडीव्हीआय (हिरवाईचं मोजमाप : दोन्हींतला फरक भागिले बेरीज) ०.७१. तेच शेत १५०० आणि ४००० असं वाचलं की ०.४५. पीक हिरवंगार उभं आहे आणि मॉडेल शिकतं की २०२२पासून ते सुकलं.

तारखेवरून ठरवू नका. जुनी चित्रंही ०५.०० आवृत्तीने पुन्हा तयार केली आहेत, त्यांतही हे १००० आहेत. फाइलच्या नावातला 'एन०४००' किंवा 'एन०५००' हा भाग आणि सोबतच्या एक्सएमएल फाइलमधली 'बीओए अ‍ॅड ऑफसेट' ही नोंद पाहा. काही पुरवठादार वजाबाकी करूनच चित्रं देतात; तिथे पुन्हा केली तर उलटी चूक.

अश्मक : मग 'अधिविदा' ठीक. पण नोंद नसेल तर ती एआयकडूनच भरून घेता येणार नाही का?

पडताळा : वर्णन, शोधशब्द, सारांश यांचा कच्चा मसुदा जरूर घ्या. निर्देशांक-प्रणाली, म्हणजे जागेचे आकडे कोणत्या पद्धतीने मोजले ते, मात्र नाही. आकडे पाहून अंश आहेत की मीटर एवढं ओळखता येतं. एव्हरेस्ट (भारताच्या जुन्या नकाशांचा आधार) की डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा आधार), हे नाही. महाराष्ट्रात दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. दहा मीटरच्या पिक्सेलवर तो दहा पिक्सेलांहून जास्त झाला! जुन्या स्थलदर्शक नकाशावरून आखलेली शेताची हद्द शेजारच्या शेतावर बसते आणि मॉडेलला उसाच्या नावाने पडीक जमीन दाखवली जाते.

यूटीएमचं (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करून जागा मीटरमध्ये सांगणारी प्रणाली) तसंच. ७८ अंश रेखांशावर महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागतो : अमरावती ४३मध्ये, यवतमाळ ४४मध्ये. पट्टा लिहिला नसेल तर तेच निर्देशांक सुमारे सहाशे किलोमीटर अंतरावरच्या दोन जागा दाखवतात.

रेखांश७८ : याला जोडून, 'प्रणाली बदलली' हा शब्दप्रयोगही टाळावा, त्यातून दोन अर्थ निघतात. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये 'सेट लेयर सीआरएस' (सीआरएस म्हणजे निर्देशांक-प्रणाली) फक्त नोंद बदलतं, आकडे तेच राहतात. 'रिप्रोजेक्ट लेयर' आकडेच नव्याने काढून वेगळा थर देतं. नोंद चुकली असेल तर पहिलं. नोंद बरोबर असून दुसऱ्या प्रणालीत हवं असेल तर दुसरं. म्हणून मराठीत 'प्रणाली नोंदवणे' आणि 'प्रणालीत रूपांतर करणे' असे दोन वेगळे प्रयोग ठेवा.

पडताळा : सहमत. आणि 'स्थान' एवढंच न लिहिता क्रमही लिहा. ईपीएसजी ४३२६च्या (डब्ल्यूजीएस ८४वरच्या अक्षांश-रेखांशांचा सांकेतिक क्रमांक) अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी, जिओजेसन या फाइल-प्रकारात रेखांश आधी. पुण्याचे १८.५२, ७३.८५ उलटले की बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. शंभर मीटरची दिसत नाही.

अश्मक : पहिल्या उल्लेखात 'अधिविदा (मेटाडेटा)', पुढे नुसतं 'अधिविदा'. नोंदींची मूळ नावं न भाषांतरता देवनागरीत, म्हणजे वाचणाऱ्याला फाइलमध्ये ती शोधता येतील.