मदत हवी आहे: फेब्रुवारीत सेरेंगेटी, मुक्काम न्दुतूला की सेरोनेराला?

आई (वय ६८) आणि मी फेब्रुवारीत टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान बघायला जातोय. आरुशाहून जीप ठरलीय. पहिली रात्र न्गोरोंगोरोच्या विवराच्या काठावर. १९५९ मध्ये सेरेंगेटीतल्या कळपांची विमानातून मोजदाद करताना अपघातात गेलेल्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मिखाएल ग्झिमेकचं स्मारक तिथे आहे, ते बघायचंय. त्याच वर्षी तिथल्या मसाई पशुपालकांना सेरेंगेटीबाहेर काढून न्गोरोंगोरो वेगळं केलं. ती बाजू सांगणारा मसाई गाइड मिळाला तर सोन्याहून पिवळं.

अडलंय पुढच्या तीन रात्रींवर. विल्डबीस्ट (मोठे आफ्रिकी कुरंग) तेव्हा दक्षिणेत न्दुतूच्या आखूड गवताच्या माळावर वितात, म्हणून मला तिथेच राहायचंय. एक एजंट म्हणतो सेरेंगेटीच्या मध्यावरचं सेरोनेरा घ्या, बिबटे दिसतील. दुसरा बरोबर उलटं सांगतो. आईचे गुडघे नाजूक, दिवसभर खडखडाट झेपणार नाही. विमानाने आत जाणं बजेटबाहेर. पीतज्वराची लस डॉक्टरांना विचारून घेतलीय, व्हिसाही झालाय. जेवणाचं विचारू नका, मेतकूट आणि थालीपीठाची भाजणी आईच्या बॅगेत आधीच गेलीय!

फेब्रुवारीत हा रस्ता केलेल्यांनी सांगा: तिन्ही रात्री न्दुतूला काढू, की एक सेरोनेराला? आणि मधल्या रस्त्याला जीपने खरोखर किती तास लागतात?