एच-अल्फावरून काढलेला तारानिर्मिती दर १५ पट कमी येतोय, मदत हवी आहे

शुक्लपक्ष: एका दीर्घिकेचा तारानिर्मिती दर एच-अल्फा या हायड्रोजनच्या लाल वर्णरेषेवरून काढतोय. वर्षाला ०.०९३ सौरवस्तुमान येतो, कॅटलॉगमध्ये १.४ आहे. गणित चारदा तपासलं. उद्या गाईडला आकडा द्यायचाय. कुठे चुकतंय?

ध्रुवमत्स्य: रेडशिफ्ट (प्रकाशाचं लालकडे सरकणं)? फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारा प्रकाश)? सूत्र कुठलं? कॅटलॉगात लॉग असतो, तो उलटवलात ना?

शुक्लपक्ष: हो, लॉग ०.१५ होता. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचा जुना स्पेक्ट्रम, रेडशिफ्ट ०.०५, अंतर २२२ मेगापार्सेक. एच-अल्फा फ्लक्स २×१०^−१५ अर्ग/से/सेमी². तेजस्वितेवरून दर काढायचा गुणक ७.९×१०^−४२.

ध्रुवमत्स्य: तेजस्विता १.१८×१०^४०, बरोबर. पण गुणक केनिकटचा १९९८चा, साल्पीटर आयएमएफसाठीचा (आयएमएफ म्हणजे जन्मणाऱ्या ताऱ्यांची वस्तुमानानुसार वाटणी). कॅटलॉग क्रूपाच्या आयएमएफवर आहे. ५.३७×१०^−४२ घ्या, ०.०६३ येईल.

शुक्लपक्ष: अहो, हे तर आणखी खाली गेलं!

ध्रुवमत्स्य: जाणारच. धुळीने अडवलेला उजेड कुठे भरून काढलात? एच-अल्फा भागिले एच-बीटा (हायड्रोजनचीच निळसर रेषा) किती?

शुक्लपक्ष: ४.५.

ध्रुवमत्स्य: धूळ नसती तर २.८६ आलं असतं. काल्झेटीच्या धूळ-सूत्राने १.९७×लॉग(४.५/२.८६) = ०.३९, त्याला ३.३३ने गुणा: एच-अल्फा १.२९ मॅग्निट्यूडने (तेजाच्या लॉग मापाने) मंदावलाय, म्हणजे ३.३ पट. दर ०.२१. एच-बीटाखालचं ताऱ्यांचं शोषण भरून काढलंय ना? नाहीतर एच-बीटा कमी भरतो आणि धूळ उगाच फुगते.

मृगशीर्ष: एका रेषेवर कशाला विसंबता? एच-अल्फा जेमतेम गेल्या १ कोटी वर्षांचं सांगतो. सिगाल हे सॉफ्टवेअर घ्या, अतिनील ते अवरक्त सगळं फिट करा.

ध्रुवमत्स्य: अवरक्त डेटा आहे असं ते कुठे म्हणाले? उद्या द्यायचंय त्यांना.



उत्तरा: स्लोनचा फायबर (उजेड गोळा करणारा तंतू) ३ आर्कसेकंदांचा, म्हणजे या अंतरावर जेमतेम २.९ किलोपार्सेक. तुम्ही फक्त गाभा मोजलाय. आर-बँडमध्ये (लाल फिल्टरमध्ये) फायबर आणि एकूण मॅग्निट्यूडचा फरक बघा.

शुक्लपक्ष: २.० आहे. म्हणजे ६.३ पट... १.३! जुळलं, धन्यवाद!

मृगशीर्ष: आर-बँडचा उजेड म्हातारे तारेही देतात. गाभा लाल आणि तबकडी निळी असेल तर हा गुणाकार कमी पडतो.

उत्तरा: मान्य, ढोबळच आहे. शुक्लपक्ष, ६५८४ अँगस्ट्रॉमची नायट्रोजन रेषा एच-अल्फाच्या किती पट?

शुक्लपक्ष: ०.९. का?

उत्तरा: मग थांबा. इतका नायट्रोजन नुसत्या तारानिर्मितीतून येत नाही, गाभ्यातल्या कृष्णविवराचा वाटा दिसतोय. अशा दीर्घिकांसाठी तो कॅटलॉग फायबरमधला दर एच-अल्फावरून काढतच नाही, ४००० अँगस्ट्रॉमच्या तुटीवरून (तिथे वर्णपटातला उजेड एकदम घटतो) काढतो. तुमचा १.३ जुळला तो योगायोगाने. खात्री करायला ५००७ अँगस्ट्रॉमची ऑक्सिजन रेषा भागिले एच-बीटा किती ते टाका.

शुक्लपक्ष: बघून टाकतो. गाईडला काय सांगू?

ध्रुवमत्स्य: एच-अल्फाचा आकडा कमाल मर्यादा म्हणून द्या, तोही फक्त फायबरमधला: ०.२१.